मेंढराची गोळी

माझ्या गळ्यावर टाक्यांचा आडवा व्रण आहे आणि त्याच्या खाली दोऱ्याला चांदीची डबी लटकते. डबीत माझं इष्टलिंग. आम्ही लिंगायत वाणी, चौसाळ्यात रस्त्याला लागून आमचं किराणा दुकान. जे तोंडात घालायचं ते आधी तळहातावरच्या लिंगाला अर्पण करायचं, मग खायचं, ही आमच्या घरची रीत. औषधालाही त्यातून सूट नव्हती.

गळ्यातली गाठ सुपारीएवढी होती, ती बघता बघता लिंबाएवढी झाली आणि टणक लागू लागली. आवाज घोगरा झाला. मालकांनी मला मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, हद्दीबाहेर एका मिशनच्या दवाखान्यात नेलं. गोऱ्या डॉक्टरणीनं गाठ चाचपली. गाठ वाईट जातीची आहे, गळ्यातली ग्रंथी सगळीच काढावी लागेल, असं तिच्या नर्सनं मराठीतून सांगितलं. गळ्यातला दोरा काढा म्हणाली. मी म्हटलं, गळा कापा, दोरा निघायचा नाही. शेवटी डबी माझ्या मुठीत देऊन त्यांनी मूठ फडक्यानं बांधली.

निघताना गोळ्यांची बाटली मिळाली. त्या ग्रंथीवाचून शरीर थंडावत जातं, म्हणून रोज एक गोळी, जन्मभर. कशाची आहे, मी विचारलं. दुकानदाराची बायको मी, माल कुठला हे विचारल्याशिवाय घेत नाही.

"मेंढराच्या गळ्यातली तीच ग्रंथी. वाळवून कुटलेली," नर्स म्हणाली. "नाही घेतलीत तर गाठ परत येण्याची वाटसुद्धा बघावी लागणार नाही."

"कावून इचारलंस गं?" मालक कपाळाला हात लावून म्हणाले.

घरी सासूबाईंनी एकच सांगितलं, "ती गोळी खाल्लीस तर माज्या चुलीला हात लावायचा न्हाई." पण मला चुलीपेक्षा लिंगाची धास्ती होती. मांस लिंगाला कसं दाखवायचं? आणि न दाखवता कसं गिळायचं? इकडे आड, तिकडे विहीर. मी बाटली फडताळात ठेवून दिली.

मग मी विझत गेले. चैत्रात घोंगडी पांघरून बसायची. तोंड सुजलं, केस हातात यायला लागले, तव्यावरची भाकरी करपली तरी वास येईना, चटका बसला तरी कळेना. सगळ्यात वाईट म्हणजे माझी जीभ गेली. बोलता येत होतं, पण बोलावंसंच वाटेना. आमचं सासू-सुनेचं भांडण गल्लीत नावाजलेलं. माझ्या जिभेला त्या कातर म्हणायच्या. एक दिवस त्यांनी वरणात मुद्दाम मूठभर मीठ घातलं. मी मुकाट्यानं जेवले. तेव्हा त्या दुकानात जाऊन मुलापुढं रडल्या, "आरं, ही आता न्हाई ऱ्हायची."

त्यांनीच आमच्या गुरूंना, जंगम स्वामींना, बोलावलं. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरी, लिंगावर कापड झाक आन् गोळी गिळून टाक. औषध हाय, लई इचार करू नको."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. माझ्या मात्र अंगात कितीतरी दिवसांनी राग चढला. ज्याला जन्मभर पाण्याचा घोटसुद्धा दाखवला, त्याच्यापासून एवढी गोष्ट लपवू? सासूच्या डब्यातला गूळ मी कधी चोरून खाल्ला नाही, आणि आता देवाच्या तोंडावर कापड टाकून खाऊ?

"झाकायचं न्हाई," मी म्हटलं. "खाईन तर दाखवूनच खाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं आणि बेलाच्या पानावर ती गोळी ठेवून त्याच्यापुढं धरली. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. "मेंढरू तुजंच, हा गळाबी तुजाच," मी म्हटलं. "मला जगायचं हाय. पसंत नसंल तर आत्ताच सांग." थोडा वेळ थांबले आणि गोळी गिळली.

सासूबाई दारातून बघत होत्या. "लिंगाला मांस दावलंस, बाटलीस!" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून माझं ताट ओसरीवर आलं. चुलीकडे जायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. माझ्याच घरात मी पाहुणी झाले. फार लागलं मला ते. पण रोज सकाळी लिंग, बेल आणि गोळी, यात मी खंड पाडला नाही. बाटली संपत आली की मालक हद्द ओलांडून नवी आणायचे. नाक्यावर जकात घेणारा करोडगिरीचा शिपाई दर वेळी बूच काढून हुंगायचा आणि तोंड वाकडं करायचा.

हळूहळू घोंगडी नकोशी झाली. भूक लागायला लागली. एके सकाळी ओसरीवर बसले असताना नाकात करपट वास शिरला आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "आत्याबाई, दूध उतू चाललंय! नाक काय गहाण टाकलंय का तुमी?"

मग सासूबाई धावतच बाहेर आल्या. मला वाटलं, आता कडाक्याचं भांडण होणार. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"एवढं कळतंय तर बसलीस कावून?" त्या ओरडल्या. "ऊठ, तूच उतरव!"

मी आत गेले. घाईत पदर न घेताच भांडं उचललं आणि बोटं चांगलीच भाजली. भाजलेलं कळलं, याचा मला इतका आनंद झाला की मी तिथंच चुलीपाशी बसून रडले.