कोमट पाण्यातली पिशवी

रक्ताच्या दोन पिशव्यांपैकी एक वाया घालवली ती खुद्द बेकरीवाल्याने, आणि तीही बायकोच्या काळजीपोटी.

सकाळी बाळ झालं. बाळ ठणठणीत, पण बाळंतिणीचं रक्त काही थांबेना. आत डॉक्टर झटत होते. तिचा रक्तगट दुर्मीळ. रक्तपेढीत जुळल्या त्या दोनच पिशव्या. डब्यातून त्या आणायला नवरा धावला. वॉर्डाच्या दाराशी त्याने डबा उघडून हात लावला, तर नुसता बर्फ! जन्मभर कोमट पाण्यात पीठ भिजवणारा माणूस तो. आधीच गारठलेल्या बायकोच्या अंगात हे घालायचं? कॅन्टीनमधून पातेलंभर गरम पाणी आणलं, कोपर बुडवून पाहिलं आणि एक पिशवी दिली सोडून.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. सव्वीस वर्षं याच वॉर्डात. त्यांना पाहून डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढत.

"हे काय? पाव फुगवताय?"

"गार होतं हो फार..."

"असं रक्त नासतं. ही गेली." त्यांनी दुसरी उचलली.

उरली एकच. तेवढ्यावर नाही भागलं तर?

सिस्टरांनी पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचला, दुसऱ्या नर्सकडून वाचून घेतला, कागदाशी ताडून पाहिला.

"अहो सिस्टर, लवकर!"

"लवकर चुकीचं लावू?"

आत खाटेशी थेंब सुरू झाले; बेकरीवाला दारातून पाहत राहिला. शेजारी खुर्ची होती, पण सिस्टर बसल्या नाहीत. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं त्या कधीच बसत नसत; काही बिनसलं तर बहुधा तेव्हाच बिनसतं. एक हात बाळंतिणीच्या नाडीवर. दुसऱ्याने खाटेचा दांडा एवढा घट्ट धरलेला, की बोटं पांढरी पडली होती. ती बोटं त्याला दिसली. म्हणजे यांनाही भीती वाटते!

त्यांनी मघाशीच फोन करून दुसऱ्या रक्तपेढीतून मागवलेली पिशवी घेऊन वॉर्डबॉय धापा टाकत एकदाचा आला. तीही लागली. रक्त थांबलं, ओठांवर जरा रंग चढला. बायकोने डोळे किलकिले केले.

"भट्टी... बंद केलीत का?"

केली नव्हती. त्याला रडूच फुटलं. डोळे पुसत तो म्हणाला, "सिस्टर, आता घाबरायला नको ना?"

"घाबरा की खुशाल, पण कशाला हात न लावता."