प्याल्याची कड

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला एकच प्याला फिरतो. एकानं घोट घेतला की पाळकसाहेब पांढऱ्या फडक्यानं कड पुसून पुढच्याला देतात. आम्ही खालच्या आळीचे मागं बसतो आणि शेवटी पितो. तसं कुठं लिहिलेलं नाही. पण मला आता कमी ऐकू येतं, म्हणून या रविवारी मी हट्टानं पहिल्या बाकावर बसलो.

माझ्यानंतर साहेबांनी कड दोनदा पुसली. शेजारी वरच्या आळीच्या मार्थाबाई होत्या. त्यांनी भाकर घेतली, प्याल्याला मात्र हात जोडले. "घसा दुखतोय हो," म्हणाल्या. मग गीत सुरू झालं, तेव्हा त्यांचा आवाज मला बहिऱ्यालाही ऐकू आला.

माझा आजा देवळाच्या पायरीखाली उभा राहून थकला, म्हणून या धर्मात आला. इथं दार उघडं मिळालं. आम्ही आत आलो, आणि ती पायरीही आमच्या मागोमाग आत आली.

सोमवारी बायको तेच फडकं निळीत बुडवत होती. वर्षानुवर्षं तीच धुते.

"नको धुऊस," मी म्हणालो. "आपलाच विटाळ पुसतात त्यानं."

"देवाचं आहे, अहो. आणि दोनदा पुसलं, तर दोनदा माझाच हात लागला की प्याल्याला!"

ती हसली. मला हसू आलं नाही. दोरीवरचं ते पांढरंशुभ्र फडकं मला बघवेना.

येत्या रविवारीही मी पहिल्याच बाकावर असणार. कोणाकोणाचा घसा दुखतो, ते मला बघायचंय.