सूरजबाईंचं एकासणं

मंचरच्या बाजारपेठेत पुनमचंद शेटजींचं कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या वरच ते राहतात आणि मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. म्हणजे शेटजींची बायको सूरजबाई माझ्या घरमालकीण. घरमालकिणीबद्दल भाडेकरूने चांगलंच बोलावं असा काही नियम नाही आणि पहिली काही वर्षं मी तो पाळलाही नाही. नळाला फडकं बांधल्याशिवाय पाणी भरायचं नाही, दिवे लागल्यावर किडे येतात म्हणून दार उघडं टाकायचं नाही, जिन्यात चपला काढायच्या त्या ओळीत. मी कळंबच्या धनगराची पोर. माझ्या बापाने, धर्माजीने, जन्मभर मेंढरं हाकली. पण या बाई मला जेवढ्या हाकतात तेवढं बापाने मेंढरांनाही हाकलं नसेल, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे. कुणीतरी ते वर पोचवलं. दुसऱ्या दिवशी सूरजबाई ब्लाउजचं माप द्यायला खाली आल्या, हात वर करून उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मेंढरं ऐकतात तरी."

तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांची सून टीना पुण्याची. जिनेशशी लग्न होऊन आली आणि घरात रेडिओ लागल्यासारखं झालं. तिला सारखं काहीतरी हवं असायचं. निर्मलाताई, कैरी आहे का, निर्मलाताई, या कपड्याची पिशवी शिवून द्या ना, निर्मलाताई, चला कुल्फी खाऊ. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा तर विचारू नका. उन्हाळ्यात तिला बोरं हवी होती. सूरजबाई कपाळाला हात लावायच्या आणि कुठून कुठून काय काय पैदा करायच्या. सासू कडक होती, पण सुनेचं मागणं तिने कधी खाली पडू दिलं नाही.

धाकटी रिद्धी झाली आणि टीनाचं मागणंच थांबलं.

ती भांडत नव्हती, रडत नव्हती. बाळाला वेळेवर पाजायची, मोठ्या संयमला अंघोळ घालायची. पण ताटात वाढलं तेवढ्यातलं अर्धं खाऊन उठायची. काय करू म्हटलं तर काहीही चालेल. अजून वाढू का, तर नको. आमच्याकडे एखादी मेंढी व्याली की अशी होते. कोकराला पाजते, कळपाबरोबर चालते, पण चाऱ्याला तोंड लावत नाही. माझी आई सारजाबाई अशा मेंढीजवळ पाला घेऊन तासन्‌तास बसायची. डॉक्टरीणबाईंनी टीनाला गोळ्या दिल्या, बाळंतपणानंतर काही जणींना होतं असं, हे दुखणंच आहे, हळूहळू जाईल, म्हणून समजावलं आणि तिला जरा बाहेर काढा असं सांगितलं.

सूरजबाई त्या दिवशी खाली आल्या त्या मशीनजवळच्या स्टुलावर बसूनच राहिल्या. बराच वेळ चिंध्यांशी चाळा करत होत्या.

"तिला काय हवंय ते सांगंना झालीय," त्या म्हणाल्या. "एकदा तोंडानं काहीतरी माग म्हणावं. काय बी माग. मी आणून दीन."

मग त्यांनीच ठरवलं. नारायणगावच्या पुढे हायवेला नवीन पार्क झालंय, पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि काय काय आहे म्हणे, तिथे पोरांना न्यायचं. लग्नसराईचे दिवस, जिनेशला दुकानातून हलता येईना. दोन पोरं आणि आम्ही दोघी, हात कमी पडतात, तू चल, असं त्या मला म्हणाल्या. मी काय, फुकट पाळण्यात बसायला एका पायावर तयार.

अडचण एकच होती, आणि ती त्यांची त्यांनाच वाटत नव्हती. चैत्राचा महिना त्यांचा एकासण्यांचा. एकासणं म्हणजे जैनांचं व्रत, दिवसातून एकदाच जेवायचं, तेही एकाच बैठकीत. एकदा आसनावरून उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं, मग पोटात दोन घास गेलेले असोत की दहा. नंतर उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं, आणि ही साठीची बाई दोन पोरं घेऊन पार्कात चालली. मी म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीत जाऊन बसले.

भाड्याची इको गाडी होती. टीना खिडकीशी, मांडीवर रिद्धी. संयम तीन वर्षांचाही नाही. नाव ठेवणाऱ्याने त्याला आधी बघायला हवं होतं. कळंब येईपर्यंत त्याने माझ्या दोन पिना गिळायचा प्रयत्न केला. टीना बाहेर बघत होती. माझं माहेर आलं, मी बोट दाखवलं, ती छान आहे म्हणाली, पण ती बघत कुठे होती कुणास ठाऊक.

पार्काच्या गेटवर पहिली माशी शिंकली. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. गेटवरचा वॉचमन, भिका त्याचं नाव, आणे गावाकडचा, मिशा पिकलेला माणूस, डब्याकडे बघून ओशाळा झाला. बाळाचं काही असेल तर चालतंय काकू, बाळाचंच म्हणा, असं त्याने हळूच सुचवलंही. माझ्या तोंडात हो आलंच होतं. सूरजबाई म्हणाल्या की डबा माझा आहे. खोटं बोलून आत नेलेल्या डब्याने एकासणं कसलं होणार. शेवटी असं ठरलं की डबा भिकाच्या खोपट्यात राहील आणि जेवायच्या वेळेला बाई गेटजवळच्या बाकावर येऊन बसतील. भिकाने बाकडं धोतराने पुसूनसुद्धा दिलं.

आत गेल्यावर कळलं की तीन वर्षांच्या आतल्या पोराला एवढ्या मोठ्या पार्काची काही गरज नसते. संयमला कारंजं दाखवलं तर तो कारंज्याच्या मोरीजवळ बसला. टॉय ट्रेन दाखवली तर रुळातली खडी गोळा करायला लागला. झाडांना पाणी घालायचा पाइप गळत होता, तिथे तो सगळ्यात खूश होता. तिकडे लोक एवढे पैसे मोजून उलटेपालटे होत किंचाळत होते आणि आम्ही तिघी बाया एका गळक्या पाइपाभोवती उभ्या. रिद्धीला मध्येच पाजायचं, मध्येच लंगोट बदलायचा, मध्येच संयमला पाइपाच्या चिखलातून उपसून काढायचं. टीना सगळं नीट करत होती. मी विचारलं, तू बसतेस का त्या मोठ्या पाळण्यात, मी धरते पोरीला. नको. उसाचा रस? नको. सूरजबाईंनी काही विचारलं नाही. त्या फक्त तिच्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या वाटल्या.

मग संयमला घोड्यांचा गोल पाळणा दिसला. घोडे होते, हंस होता, आणि एक बिबट्या होता. आमच्या तालुक्यात बिबट्याचं नाव काढलं की माणसं पोरांना घरात घेतात, उसाच्या कडेने कुणी एकटं जात नाही. या पठ्ठ्याला सगळे घोडे सोडून त्या बिबट्यावरच बसायचं होतं. रांग लांब होती. सूरजबाईंची जेवायची वेळ झाली होती, आणि पाळणा गेटच्या बाकावरून समोरच दिसत होता. टीना म्हणाली, तुम्ही जेवून घ्या, मी नेते त्याला. मी झोपलेल्या रिद्धीला मांडीवर घेऊन सूरजबाईंशेजारी बसले.

त्यांनी हात धुतले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, डबा उघडला. फुलके, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी, कैरीचा गोड छुंदा. डब्याच्या झाकणात एक फुलका आणि थोडी भाजी घेतली. पहिला घास त्यांनी इतका सावकाश चावला की मलाच भूक लागली.

तेवढ्यात पाळणा सुरू झाला, आणि संयमला बिबट्या खरा वाटला की काय कोण जाणे, त्याने असा टाहो फोडला की पाळणेवाल्याने बटण बंद केलं. पोरगं खाली उतरलं आणि पाळण्याच्या फळ्यांवर पालथं पडून हातपाय आपटायला लागलं. रांगेतली माणसं बोलू लागली. अहो, उचला की त्याला. आमची पण पोरं उन्हात उभी आहेत. टीना त्याच्याजवळ उभी होती. तिचे दोन्ही हात नुसते खाली लोंबत होते. तिने एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि मग वळून आमच्याकडे.

"मम्मी," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण आम्हाला ऐकू आलं. "मम्मी, या ना इकडे. मला जमत नाहीये."

सूरजबाईंच्या हातात तिसरा घास होता. मी घाईघाईने म्हटलं, तुम्ही उठू नका, मी जाते, रिद्धीला बाकावर निजवते, तुम्ही फक्त नजर ठेवा. त्यांनी घास झाकणात परत ठेवला.

"तिनं मला बोलावलंय," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

खरकट्या हाताने गेल्या. रांगेतल्या माणसांतून वाट काढत पाळण्यावर चढल्या, आणि मला वाटलं होतं तसं पोराला उचललं नाही. त्यांनी आधी टीनाचा हात धरला. तिला हंसाच्या बाकड्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. आपल्याकडे कुणी बघतच नाही म्हटल्यावर संयम रडता रडता थांबला, उठला आणि दादीच्या मांडीवर चढला. सूरजबाईंनी पाळणेवाल्याला डाव्या हाताने खूण केली. चालू कर.

पाळणा फिरला. मी बाकावरून बघत होते. टीना हसली वगैरे नाही. ती सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, पूर्ण फेरीभर, अगदी हुंदके देऊन. समोर आल्या की दिसायच्या, पलीकडे गेल्या की नाही. सूरजबाईंचा पदर डोक्यावरून घसरला होता. मी इतक्या वर्षांत त्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं, केस पार विरळ झालेत त्यांचे. त्यांनी पदर सावरला नाही. एक हात पोराला धरायला, दुसरा खरकटा होता.

परत आल्यावर टीनाला झाकणातला फुलका दिसला. ती तिथेच थबकली.

"मम्मी, तुम्ही उठलात."

"झालं माझं जेवून," सूरजबाई म्हणाल्या.

आता ही बाई खोटं बोलत नाही हे मी सकाळीच पाहिलं होतं. आणि ते खोटं नव्हतंही. उठलं की जेवण झालं, हा नियमच. दोन घासांचं का होईना, जेवण झालं होतं. टीनाचे डोळे पुन्हा भरले. माझ्यामुळे, माझ्यामुळे, असं काहीतरी ती म्हणायला लागली. सूरजबाईंनी हात धुतला, झाकणातलं तेवढं गाईला म्हणून बाजूला काढलं आणि डबा तिच्यापुढे सरकवला. अन्न टाकलं तर पाप मला लागेल, ते तरी माझ्या डोक्यावर ठेवू नको, आणि मी आता खाऊ शकत नाही, असं त्यांनी तिला दरडावून सांगितलं. दरडावताना आवाज फार चढवला नाही.

टीना बसली. पहिला फुलका तिने डोळे पुसत, आमच्यासाठी म्हणून खाल्ला. दुसरा जरा भरभर. तिसऱ्याला तिने संयमने पुढे केलेला हात सरळ बाजूला सारला. सगळे फुलके, सगळे गट्टे, छुंद्याची वाटी बोटाने पुसून. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते. सूरजबाई रिद्धीला थोपटत होत्या, पण त्यांची थाप ताल सोडून कुठेही पडत होती.

टीनाने रिकाम्या डब्यात पाहिलं.

"अजून आहे का, मम्मी?" ती म्हणाली.

नव्हतं. डबा एका माणसाचा होता, बाकी आम्ही घरून जेवूनच निघालो होतो. आतल्या हॉटेलात सगळ्याला कांदा-लसूण, ते या घरात चालत नाही. आणि सूरजबाई, ज्यांनी आजवर कुणाच्या घरचं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, त्या उठल्या आणि भिकाच्या खोपट्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तो नुकताच आपलं भाकरीचं फडकं सोडत होता.

"भाऊ, एक भाकरी देता का? सुनेला भूक लागलीय."

भिका गडबडला. म्हणाला, वरच्या भाकरीला लसणाचा ठेचा लागलाय काकू, खालची कोरी हाय, चालंल का? चालंल, त्या म्हणाल्या. त्याने खालची बाजरीची भाकरी काढून दोन्ही हातांनी दिली. त्यांनी पदरात घेतली. टीनाने ती नुसती, कोरडी खाल्ली, तुकडा तुकडा मोडून, आणि एक तुकडा संयमलाही दिला.

चार वाजता आम्ही निघालो. पोरं झोपली, टीनाही तोंड उघडं टाकून झोपली. सूरजबाई पुढच्या सीटवर, पोटात दोन घास आणि बाटलीतलं पाणी. त्यांना चक्कर येत असणार, कारण त्यांनी दाराचं हँडल धरून ठेवलं होतं. मी मागून वारा घालत होते. त्यांना ते माहीत होतं, पण नको म्हणाल्या नाहीत.

शेटजींचा फोन आला. काय काय बघितलं, पोरांनी मजा केली का, असं ते विचारत होते. आवाज मागेपर्यंत येत होता.

"टीनानं मागून खाल्लं," सूरजबाई म्हणाल्या.

 मग शेटजींनी विचारलं, काय मागितलं?

"भाकरी," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन तसाच मागे माझ्या हातात दिला.