उजवी नांगी

सेतुमाधव गेल्याचे मला पापनाशमला, मुलीच्या घरी कळले. तंजावूरला पोहोचलो तेव्हा दहन उरकले होते. राजवाड्यामागच्या गल्लीतील त्याच्या ओसरीवर चिखल गाळण्याची चाळण उपडी पडली होती. तिच्या जाळीत समुद्राची माती वाळून बसली होती. सेतू गेल्याला आता महिना होईल.

आम्ही एकाच शाळेत होतो. तो शास्त्र शिकवी, मी चित्रकला. सुट्टीत तो नागपट्टणला जाई, कोळ्यांकडून समुद्राच्या तळाचा चिखल काढवून आणी आणि त्यातले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाही. त्याची पत्नी अंबाबाई मला म्हणे, "किट्टूअण्णा, यांस कांहीं सांगा. लोक नागपट्टणाहून शंख आणतात, आमच्या घरी चिखल येतो!" त्यावर तो मान वर न करता म्हणे, "तू चिखल म्हण. त्यांत राहणारे त्याला घर म्हणतात."

एका वर्षी त्या चिखलात तिळाहून लहान, खेकड्या-कोळंबीच्या कुळातला एक जीव सापडला. एकच. कोणत्याही ग्रंथात त्याची नोंद नव्हती. त्याची उजवी नांगी डावीसारखी नव्हती. तिला एक दात अधिक होता. नव्या जातीची ओळख ती एवढीच. सेतूने सुईने त्याचे अवयव सुटे करून ग्लिसरिनमध्ये काचपट्टीवर बसवले. वर्णन त्याने लिहायचे, आकृत्या मी काढायच्या, असे ठरले.

मी चितारी घराण्यातला. आमच्याकडे देवाच्या चित्रातली महिरप अर्धीच काढतात. मग कागदाची घडी घालून, सुईने टोचून, कोळशाची पूड चोळून दुसरी बाजू उमटवतात. दोन्ही बाजू सारख्या उतरल्या पाहिजेत, हे माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक. सेतूचे वर्णन मी वाचले नव्हते; उजव्या नांगीवरचा तो दात मला मातीचा कण वाटला. मी डावी नांगी काढली आणि घडी घातली. सेतूने आकृती तपासली नाही. "किट्टूनं काढली ना? झालं तर," म्हणाला आणि लखोटा बंद केला.

काही महिन्यांनी कलकत्त्याच्या तज्ज्ञांकडून कागद परत आले. वर्णन आणि आकृती जुळत नाहीत, नमुना पाठवावा. तोवर उन्हाळ्याने काचपट्टीच्या कडांचे लाखेचे बंधन फुटून ग्लिसरिनसकट सारे अवयव गळून गेले होते... सेतूने आकृती उजेडासमोर धरली. मधोमध घडीची रेघ दिसत होती.

"घडी घातलीस?"

"घातली. तू सांग, मी पुन्हा काढतो."

"आठवणींतलं चालत नाही. जिन्नस लागतो." मग म्हणाला, "कॉफी घे. निवते आहे."

त्यानंतर त्या गोष्टीचा त्याने उच्चार केला नाही. दर सुट्टीत तो एकटाच नागपट्टणला जात राहिला. दुसरा जीव मिळाला नाही. त्याने मला बरोबर बोलावले नाही. मीही विचारले नाही.

तेराव्यानंतर अंबाबाईंनी त्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच ठेवा, अण्णा. मला त्यांत कांहीं दिसत नाही." आत रिकामी काचपट्टी होती आणि त्याच्या हातचे वर्णन. ते मी आता पाठ होईतो वाचले आहे. देह, शेपटी, पाय, सारे आहे. त्या दाताविषयी एकच ओळ आहे: 'उजव्या नांगीस एक दात अधिक; आकार आकृतीत पाहावा.'

मी नवा कागद घेतला आहे. डावी बाजू पूर्ण झाली. उजवी कोरी आहे. रोज सकाळी मेजाशी बसतो... कागदाला घडी घातलेली नाही.