होडीत मोजलेली पावलं

बाबलला रापणीवर जायची परवानगी मी दिली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

वेंगुर्ल्यात मी फिजिओथेरपिस्ट होतो. मोबाइल नुकते लोकांच्या खिशात यायला लागले होते. आमच्या हॉस्पिटलच्या मोठ्या सरांनी मुंबईहून पेडोमीटर मागवले. काडेपेटीएवढं डिजिटल यंत्र. कमरेला अडकवायचं, कंबर हलली की ते एक पाऊल मोजतं. गणपती आणल्यासारखे आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो.

पहिला मान बाबलचा. हा मच्छीमार, मणक्यातली गादी सरकलेली. त्याला म्हटलं, ओढाओढ बंद, रोज थोडं जास्त चालायचं आणि यंत्र काढायचं नाही. बाबलचा जीव मात्र रापणीत. रापण म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. जो दोर ओढेल त्यालाच माशांचा वाटा. त्याच्या घरची चूल त्यावरच.

पुढच्या आठवड्यात आला. स्क्रीनवरचा आकडा बघून मी थक्क. एवढं तर मीही चालत नव्हतो.

"डॉक्टर, रापणीक जाव मां?"

"जा! घोडा झालायस घोडा."

त्याला दारापर्यंत चालवून बघायला हवं होतं. पण चहा आला होता.

दोनच दिवसांनी त्याला रापणीवरून चादरीच्या झोळीतून आणलं. उजवं पाऊल उचलेना. गादीने नस दाबली होती. यंत्र कमरेला तसंच.

"न्हातानाय काढूक नाय तेणी," बाबलची बायको म्हणाली. "तुमी सांगलास म्हणान." आणि केसपेपर काढायला खिडकीकडे गेली.

मी हळूच विचारलं, "अरे, एवढा चाललास कुठे?"

"चल्लंय खंय? चलताना पाय दुखता. भावाच्या होडीत बसान ऱ्हवलंय. होडी हालता, तसो हो डबो मोजता." मग कण्हत म्हणाला, "माका वाटला, तुमका ठावक आसा."

इतक्यात सर आले, मागोमाग त्याची बायकोही. "रापणीवर जायला कुणी सांगितलं याला?"

"पेशंट ऐकत नाहीत, सर," मी म्हणालो.

बाबलने माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे. "व्हय सायबा. माजीच चूक."

"मेल्या, डॉक्टरापेक्षा शाणो तू?" बायकोने तिथेच त्याची सालटी काढली.

गोव्याला ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण पावलात पुरती ताकद आली नाही. बाबल आता फटक फटक चालतो, वाळूत पाय रोवून दोर ओढता येत नाही. बसून जाळी विणतो.

यंत्राचा दोष नव्हता. त्याचं काम हलणं मोजायचं, ते त्याने चोख केलं. चालणं बघायचं काम माझं होतं.

त्याची बायको बाजारात मासे विकते. मी दिसलो की शेजारणीला ऐकवते, "डॉक्टराचा आयकला नाय, म्हणान घोवाचो पाय गेलो." आणि माझ्या पिशवीत दोन बांगडे जास्तीचे टाकते. मी ते घरी नेतो. खातो.

परवानगी मी दिली होती, हे तिच्यासमोर बोलायचं एवढं एक वाक्य मी बाबलचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.