आमशाच्या अर्ध्या ओळी

आमशाविषयी मला फार थोडं माहीत आहे, हे आधीच सांगतो. त्याचं वय मी कधी विचारलं नाही. त्याची बायको १९१८ च्या मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली एवढं कळलं होतं, पण तिचं नाव ठाऊक नाही. आठ वर्षं मी त्याच्या पाड्यावर मास्तर होतो आणि त्याच्या झोपडीपाशी दोनदाच गेलो, दोन्ही वेळा दारापर्यंतच. त्याची बोली कोकणी, म्हणजे गोव्याकडची नव्हे, ह्या डोंगरातल्या कोकणा लोकांची. ती मला शेवटपर्यंत नीट आली नाही. माझ्याशी तो बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोले, कारण ती माझ्या घरची भाषा होती. त्यामुळं त्याला खरोखर जे म्हणायचं असेल ते बहुधा राहूनच जात असावं.

मी कळसाडीचा. १९३४ साली लोकल बोर्डाच्या शाळेवर नेमणूक झाली ती चिंचपाड्यापासून दोन कोसांवरच्या ह्या डोंगरातल्या पाड्यावर. मी आलो त्याच महिन्यात तिथली एक म्हातारी वारली. तिच्या बाराव्याला मी आमशाला पहिल्यांदा पाहिलं. तो नारसिंगच्या मागं, डाव्या अंगाला, डोळे मिटून बसला होता.

नारसिंग थाळीवर गोष्ट सांगणारा. समोर काशाची थाळी ठेवायची, तिच्या मधोमध मेणाचा गोळा, मेणात एक सरळ काडी उभी करायची. काडीवरून बोटं खाली ओढली की थाळी घुमते. त्या घुमण्यावर तो मेलेल्या माणसाला वाट सांगे. घरातून निघ, कुंपणापाशी वळ, नाल्याचं पाणी पी, मोहाच्या झाडाखाली बस, असं करत करत थेट पूर्वजांच्या दारापर्यंत. सकाळी सुरू केलेली गोष्ट दिवेलागणीच्या आत संपवायची. मध्येच सोडली तर मेलेलं माणूस तिथंच उभं राहतं, असं ती माणसं मानत.

आमशा मागं म्हणणारा. आपल्याकडे झील धरतात तसं मला आधी वाटलं, पण ते तसं नव्हतं. नारसिंग ओळ अर्ध्यावर सोडून देई. उरलेले शब्द तो म्हणतच नसे. ते आमशानं म्हणायचे. नारसिंगचा बाप पहिली अर्धी ओळ म्हणे, आमशाचा बाप दुसरी, आणि त्यांच्याही आधी तसंच. एका घरानं ओळीचं तोंड सांभाळायचं, दुसऱ्यानं शेपूट. दोन घरांत भांडण झालं तरी मयताच्या कार्याला एकत्र यावंच लागे, म्हणून जुन्या लोकांनी ही रीत घातली असावी. हा माझा अंदाज. विचारलं नाही.

एकदा नारसिंगच्या अंगणात आम्ही बसलो होतो. नारसिंगच्या अर्ध्या ओळीला तिथं पुढलं म्हणत. मी आमशाला म्हणालो, "इतका वरीस आयकस. पुढलं बी पाठ व्हयनं असी."

तो बोलायच्या आत नारसिंगची बायको ठकुबाई म्हणाली, "त्याले पुढलं काय इचारस, मास्तर? त्यानी बायको बी म्हने, हाऊ मानूस कोनतंच काम सुरू करत नही."

"सुरू करनारा ढीगभर शेतस," आमशा म्हणाला. "पुरं करनारा एखादाच."

"हा," नारसिंग म्हणाला, "मन्हा वाटानी दारू बी हाऊच पुरी करस."

सगळे हसले. आमशाही हसला. मग मला म्हणाला, "बाप सांगे, पुढलानं बोलनं ध्यानमा धरं तं आपलं भुली जाशी. थाळी आयक." म्हणजे नारसिंगचे शब्द त्यानं मुद्दाम कानाआड केले होते. थाळीचा सूर चढला-उतरला की त्याच्या तोंडी त्याचे शब्द येत. चाळीस वर्षं तो तसाच म्हणत आला होता.

नारसिंगला एकच मुलगा. तो नऊ वर्षांचा असताना मिशनच्या बोर्डिंगात शिकायला गेला, पुढं ख्रिस्ती झाला, इसहाक नाव घेतलं. बापलेकांत वैर नव्हतं. पेरणीला इसहाक येई, बापाचं शेत नांगरून देई. थाळीपाशी मात्र बसत नसे. आमशाला मूलच नव्हतं. नारसिंगनं एका पुतण्याला शिकवायला घेतलं होतं, पण त्याचं मन त्यात नव्हतं, त्याच्या चार ओळीही पाठ झाल्या नव्हत्या.

१९३८ च्या उन्हाळ्यात नारसिंग शाळेत आला. म्हणाला, "मी मरनू तं हाई समदं मन्हासंगे जाई. तुले लिखता येस. तू लिखी ले."

मयताशिवाय ती गोष्ट म्हणत नाहीत. म्हणून पुढच्या बाराव्याला मी वही घेऊन बसलो. पहिलं पान भरलं. दुसऱ्या पानावर चार-पाच ओळी झाल्या. नारसिंग भराभर म्हणत होता, शब्द अनोळखी होते. थांबवून विचारावं तर दुःखाचं घर, शंभर माणसं बसलेली. एकदा विचारायला तोंड उघडलं तर सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड मिटलं. त्यानंतर दिवसभर मी पेन्सिल कागदाला न टेकवता हलवत राहिलो.

संध्याकाळी नारसिंगनं विचारलं, "समदं लिखी लिधं का, मास्तर?"

मी म्हणालो, "लिखी लिधं."

त्याला वाईट वाटू नये, एवढंच तेव्हा मनात होतं. पुढं कधी एकटा गाठून विचारून घेऊ असं ठरवलं होतं. तीन वर्षं गेली. दर वेळी लाज आडवी आली. नारसिंगनं पुतण्याला शिकवणं सोडून दिलं. तो गावभर सांगे, "आते वहीमा शे. आते माले काळजी नही."

१९४१ च्या भादव्यात नारसिंग तापानं गेला. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर आमशा आला आणि ओट्यावर बसला.

"वही काढ, मास्तर. कार्यले तू पुढलं वाच, मी मांगे म्हनसू."

मी वही काढली. त्याला वाचता येत नव्हतं. मी काहीही सांगू शकलो असतो. पण बाराव्याला वाचणार काय? मी वही त्याच्यापुढं उघडी धरली. त्यानं पहिल्या पानावरून बोट फिरवलं, दुसऱ्या पानावरच्या ओळी संपल्या तिथं बोट थांबवलं.

"आनि बाकीनं?"

"बाकीनं नही लिखं."

"तू तं त्याले सांगं, लिखी लिधं."

"सांगं."

त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. मी त्याच्या शिव्यांची वाट बघत होतो. "आठ दिन शेतस," एवढंच म्हणून तो उठला.

त्यानं हे गावात कुणाला सांगितलं नाही. माझी भाकरी ठकुबाईकडून येई. तिच्याबरोबरची चटणी येतच राहिली, त्यावरून मला ते कळलं. ती चटणी मी कशी खाल्ली, ते माझं मलाच माहीत.

बाराव्याला नारसिंगची जागा मोकळी ठेवली होती. आमशा नेहमीसारखा तिच्या मागंच बसला आणि हात पुढं करून त्यानं काडीवरून बोटं ओढली. मी माझं सव्वा पान वाचलं, माझ्या वाकड्या उच्चारांत. त्यानं एकेक ओळ पुरी केली. पान संपलं, आणि वहीत एवढंच आहे हे सगळ्यांना कळलं. मग कोपऱ्यातून ठकुबाईनं पदर तोंडाशी धरून चार ओळी सांगितल्या. बायकांनी ह्यात बोलायचं नसतं, पण कुणी अडवलं नाही. त्यानंतर कुंपणाबाहेरून इसहाकचा आवाज आला. बोर्डिंगात जाण्याआधी जे कानावर पडलं होतं ते तो म्हणाला. दहा-बारा ओळी असतील. गोष्ट नदीपर्यंत आली. नदीच्या पुढं त्यालाही आठवेना. त्यानं कुंपणाच्या काठीवर कपाळ टेकलं.

गोष्ट थांबली नाही. आमशानं काडी ओढली. अर्धी ओळ म्हणायला नारसिंगला जितका वेळ लागे तितका वेळ तो गप्प बसला, आणि मग त्यानं आपले शब्द म्हटले. वाळूत पाय. पुन्हा काडी, पुन्हा गप्प. डाव्या हाताला दिवा. पुन्हा गप्प. बहिणीचं घर. असं दिवेलागणीपर्यंत चाललं. कुठं जायचं ते ऐकू येत होतं, कसं जायचं ते नाही. नंतर नंतर त्या गप्प बसण्याच्या वेळात बायका रडू लागल्या.

काही म्हातारे म्हणाले, झालं, पोचला. आमशाला ते पटलं नाही. जाताना मला म्हणाला, "नदीवर उभा शे तो."

पुढच्या रविवारी तो पुन्हा शाळेत आला. "आते मन्हं लिख," म्हणाला, "जे शे ते लिख." मयताशिवाय म्हणायचं नाही ही रीत त्यानं मोडली. ह्या वेळी मी शब्दाशब्दाला थांबवून विचारलं. तो न कंटाळता परत सांगे. पहिली ओळ लिहिताच म्हणाला, "डावीकडे जागा सोड."

"काबरं?"

"कोनले कधी आठवनं तं लिखाले जागा नको का?"

चार रविवार लागले. इसहाकला पुढं एक ओळ आठवली, ती सांगायला तो मुद्दाम आला. आमशानं ती थाळीवर लावून पाहिली आणि सूर बसत नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या कुणाला काही आठवलं नाही. ती वही माझ्याजवळ आहे. डावी बाजू अजून कोरी आहे.

१९४२ च्या जूनमध्ये माझी बदली कळसाडीजवळ झाली. आमशा त्यानंतर चार वर्षांनी वारला. इसहाकचं कार्ड आलं होतं. बाराव्याला थाळी वाजली नाही, असं त्यानं लिहिलं होतं. पुढं म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं, आणि मागं म्हणणारा तर तोच होता. मी गेलो असतो तर उजवीकडचे शब्द तरी वाचले असते. कार्ड मिळालं तेव्हा बारावा होऊन गेला होता.

बदली झाली तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन चिंचपाड्याच्या स्टेशनावर तोच आला होता. मला त्याची माफी मागायची होती. दोन कोसांच्या वाटेत ते जमलं नाही, आणि स्टेशनावर गाडी येताना दिसली. त्यानं ट्रंक डब्यात बाकाखाली सरकवली.

"वही कोठे ठेवी?"

"ट्रंकमा."

"खाले का वर?"

"खाले. कपडासमा."

"मंग बरं. वर ठेवशी तं पानी सांडस."