देशांच्या दारावर बसणारे नाना

जगातला कुठलाही देश मेला, फुटला किंवा नुसता आजारी पडला, तरी त्याच्या दारावर जाऊन बसणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि तो धुळ्यातल्या देवपूरचा. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आखातातल्या एका कामगार वसाहतीच्या लाँड्रीत आम्ही दोघं इस्त्रीवर होतो आणि एकाच खोलीत राहायचो. मी वांग्याच्या भरितासाठी नावाजलेल्या असोद्याचा, आठवीतून शाळा सोडलेला. आलो तेव्हा आई अंथरुणावर होती, आणि करार पुरा होईपर्यंत मला सुट्टी नव्हती. फोन वाजला की माझी इस्त्री कुणाच्या तरी शर्टावर थबकायची आणि डाग पडायचा. नाना काही न बोलता तो शर्ट स्वतःच्या ढिगात टाकायचे आणि मुकादमाच्या शिव्या स्वतः खायचे. वर मलाच ऐकवायचे, "तुम्हना असोदावाला लोकेसना डोकामा फक्त भरीत!"

इस्त्री करताना ते मोबाइलवर जगाचा इतिहास ऐकत. कुठे राजा पळाला, कुठे भिंत पडली, कुठे एका रात्रीत नोटा रद्दी झाल्या. माझ्या शाळेतला इतिहास आपल्याच देशात सुरू होऊन आपल्याच देशात संपायचा, त्यामुळे मला त्यातलं ओ का ठो कळत नसे. नानांना कळायचं, पण त्यांच्या पद्धतीने. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की लोक दारावर जातात. सतरंजीवर बसतात, फार बोलत नाहीत, आणि उठताना "येतो" म्हणत नाहीत. नुसते उठून चालू लागतात. नाना म्हणायचे, "देश गया म्हणजे घरमाना माणूसच गया ना, भो?" मग शुक्रवारच्या सुट्टीत डोक्याला रुमाल बांधून निघायचे. स्वतःचे वडील आणि थोरले भाऊ गेले तेव्हा नाना इथेच होते. गावाकडची चुकलेली सगळी दारं ते इथे भरून काढत असावेत, असं मला आपलं वाटतं.

सुरुवात सुदानच्या वॉचमनपासून झाली. त्याच्या देशाचे दोन तुकडे झाल्याचं नानांनी ऐकलं, तोवर ते तुकडे होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नानांना त्याचं काही नव्हतं. गेले, त्याच्या केबिनबाहेर मांडी घालून बसले. त्याने आनंदाने चहा आणला. दुखवट्याच्या घरी चहा कसा घ्यायचा म्हणून नानांनी मान हलवली. अर्धा तास मुकाट बसले आणि एक शब्द न बोलता उठून आले. संध्याकाळी तो बिचारा माझ्याकडे. "नाना नाराज है? हमारे यहाँ दुश्मन भी चाय को ना नहीं बोलता." आता सुतक म्हणजे काय हे माझ्या हिंदीत कसं सांगणार? मी म्हटलं, "नाना का पेट खराब है."

खरा घोटाळा युगोस्लाव्हियाने केला. तो देश फुटल्याचं ऐकून नाना त्या भागातल्या फोरमनकडे बसायला गेले. तो निघाला क्रोएशियाचा. नाना का बसलेत हे त्याला कळलं तेव्हा तो खो खो हसला. म्हणाला, आम्ही वेगळे झालो त्या दिवशी माझ्या बापाने अख्ख्या गावाला जेवण घातलं! नाना गडबडले, त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करून बाहेर पडले, आणि शेजारच्या इमारतीत सर्बियाच्या म्हाताऱ्या वेल्डरकडे गेले. त्याने जुन्या देशाचं नाव ऐकलं आणि डोळ्यांना हात लावला. नाना परत आले ते डोकं धरूनच.

"एकच मयत, भो. एका घर रडणं, दुसरा घर पंगत. आते मी कोठे बसू?"

पुढे ते आधी विचारून घेऊ लागले. कराचीच्या ड्रायव्हरचे आजोबा फाळणीत बऱ्हाणपूरहून गेलेले. नानांनी त्याला सरळ विचारलं, "बसने आऊँ, या पेढे लाऊँ?" त्याने गाडीचं स्टिअरिंग बराच वेळ कुरवाळलं आणि म्हणाला, "दोनों ले आओ, नाना."

आणि एके दिवशी फोन वाजला तो असोद्याचाच होता. आई गेली. भाऊ म्हणाला, तू निघूही नको, पोचणार नाहीस. मला वाटलं, आता माझ्या आईचं सुतक या वाळूत कोण ओळखणार?

शुक्रवारी नानांनी खोलीबाहेरच्या बोळात चादर अंथरली आणि मला भिंतीशी बसवलं. वॉचमन आला. चहाचा थर्मास घेऊनच आला होता, पण नानांकडे बघून तो तसाच मांडीवर धरून बसला. फोरमन आणि वेल्डर आले. एकमेकांपासून जरा लांब बसले, पण एकाच चादरीवर. ड्रायव्हर आला. मग एकेक जण उठला आणि पाठमोरा चालू लागला. ड्रायव्हर तेवढा सवयीने "अच्छा, चल…" म्हणाला आणि त्याने जीभ चावली. इतक्या देशांना आमची रीत कधी शिकवली नानांनी, देव जाणे.

बोळ रिकामा झाला. नाना बसलेलेच. मी म्हटलं, "नाना, तुम्ही पण उठा आता."

"उठीसन कोठे जाऊ? मनं घर बी आठेच शे," नाना चादरीवर हात थोपटत म्हणाले.

मग मी रडलो.

पुढच्या वर्षी नाना कायमचे देवपूरला गेले. निघताना प्रत्येक दारात थांबून मोठ्याने सांगत होते, "येतो बरं का! येतो!" परत येणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. वॉचमनने चहा पुढे केला. नाना उभ्या उभ्या दोन कप प्यायले.